वाक्यात उपयोग करा : चपलगप्पा

सुमन,

तू गेल्यापासून जाफराबाद ते टेंभुर्णी जीपमध्ये बातम्या लागत नाहीत. बाकी सगळं जागच्या जागी आहे. सलीम तसाच अर्धा दाराबाहेर लटकून गाडी हाकतो आणि गाडी गच्च भरली तरी रस्त्याकडेच्या माणसाला बघून तसाच ब्रेक मारतो. तुझ्या जागेवर परवा एक ग्रामसेवक बसले होते. माणूस भला आहे, पण तोंड उघडलं तर जांभईसाठी. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि मनातल्या मनात तुझ्यावर चिडले. न विचारता शाळेला दांडी मारायची सवय तुला कधी नव्हती, आणि मारलीस ती अशी.

तर, तुझ्यासाठी एक मोठी बातमी आहे. ती मी शेवटी सांगणार. तू ठळक बातमी आधी फोडून टाकायचीस आणि मग सगळा रस्ता मला तिच्यावर वाद घालायला लावायचीस. आज बातम्या माझ्या हातात आहेत. तू ऐकायचं.

तू गणिताची, मी मराठीची. खरं तर शब्दांचं वेड मला असायला हवं होतं. पण मला धडे उरकायचे असायचे, आणि तुला सकाळी जीपमध्ये बसल्या-बसल्या, पदर खोचून, आकाशवाणीच्या आवाजात सुरू करायचं असायचं. "नमस्कार. शब्दांच्या बातम्या देत आहे सुमन. आज एक शब्द मयत झाला, एक आजारी आहे, आणि एक पाहुणा म्हणून आला तो जायचं नाव घेईना." मग तू खरंच सांगायचीस. पाहुणा म्हणजे 'टेन्शन'. "मागच्या साली फक्त मास्तरांना व्हायचं. आता आमच्या म्हशीला बी व्हायलंय. सासूबाई म्हणल्या, टेन्शननं दूध देईना." जीपमधले लोक आधी बुजायचे. नंतर आपण दोघी चढलो की सलीम टेप बंद करायचा.

मला तुझी सगळ्यात आवडलेली बातमी मोटेची. तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोटार बसून खूप वर्षं झाली होती, आणि तू एके दिवशी मोटेची निधनवार्ता दिलीस. मागे परिवार कोण, तर नाडा, बैलांची धाव आणि थारोळं. नाडा दुसऱ्या कामाला लागला, धाव पोरांच्या खेळात गेली. "आणि थारोळं?" म्हणून मी विचारलं. मोटेचं पाणी जिथं येऊन पडायचं ती जागा म्हणजे थारोळं, हे मलाही माझ्या आजोबांमुळे माहीत होतं. तू म्हणालीस, "थारोळं गाव सोडून पेपरात नोकरीला लागलं. आता ते फक्त खुनाच्या बातमीत भेटतं. रक्ताच्या थारोळ्यात. बिचारं साधं पाण्याचं होतं, शहरात जाऊन बिघडलं."

मी हसले, पण त्या दिवशी वर्गात गेल्यावर मुलांना तेच सांगितलं. तुझं नाव न घेता. तू खिडकीतून ऐकलंस आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली ठेच्याची वाटी उचलून नेलीस. फी म्हणून.

इथपर्यंत आपलं छान होतं. भांडण लागलं ते तू शब्द करायला लागलीस तेव्हा.

गावात टीव्ही आले, घरोघरी पत्र्यावर अँटेना उभे राहिले, आणि तू म्हणालीस की इतक्या रोजच्या वस्तूला आपलं नाव नाही हे बराबर नाही. तू त्याला 'कावळकाठी' म्हणायला लागलीस, कारण त्याचा उपयोग चित्रापेक्षा कावळ्यांना जास्त होता. लोडशेडिंगला तू 'वीजउपास' केलंस. बाजारपेठेत फोनचं दुकान निघालं तेव्हा तू दुकानदाराला गळ घालून पाटीवर 'बोलघर' असं रंगवून घेतलंस. मी तुला सांगून थकले की, बाई, शब्द असे पाडता येत नाहीत. शब्द लोकांतून येतात, कसे येतात ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच ते टिकतात.

"लोकांतून म्हंजे कुठून? सगळे एकदम वरडले का?" तू म्हणायचीस. "कोनीतरी एक जन पह्यल्यांदा म्हणलाच आसंल ना? आता तो एक जन म्या आसले तर तुझं काय जातंय?"

गणितवाल्यांशी वाद घालू नये. ते पहिली पायरी मागतात.

शब्द सोडायची तुझी एक पद्धत होती, आणि ती पाहण्यासारखी होती. टेंभुर्णीच्या बाजारात, जिथं गर्दी जास्त आणि बाई बोलकी, अशा ठिकाणी तू उभी राहायचीस. तोंड एकदम कोरडं ठेवायचीस. वांगी निवडता निवडता सहज म्हणायचीस, "आज वीजउपास हाये वाटतं दुपारपून." अर्थ सांगायचा नाही. पुन्हा म्हणायचं नाही. कोणी "काय म्हणल्या बाई?" विचारलं तर तिच्याकडे अशा नजरेनं बघायचं, जणू तिलाच हा शब्द माहीत नाही. ती बाई ओशाळून मान हलवायची, आणि घरी जाऊन तो शब्द नवऱ्यावर वापरायची. निदान तू तरी तशी आशा धरायचीस.

आणि सगळ्यात कडक नियम, आपण केला असं कोणाला सांगायचं नाही. मी म्हणाले होते, इतकी मेहनत करतेस तर श्रेय तरी घे. तू म्हणालीस, "भांड्यावर नाव घातलं तर ते शेजारच्याकडून वापस येतं. शब्दावर नाव घातलं तर तो घरातून जातच न्हाई."

मग पैज लागली. पैज तू लावलीस, अटी मी घातल्या, कारण मला तुझी लबाडी माहीत होती. शब्द परत आला पाहिजे, तो आपल्या तालुक्याबाहेरच्या माणसाकडून. त्या माणसाचा तुझ्या घराशी, शाळेशी, सलीमच्या जीपशी संबंध नको. आणि त्यानं तो आपण न विचारता बोलला पाहिजे. असं झालं तर मी घटक चाचणीच्या पेपरात 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाखाली तुझा शब्द घालायचा. कोशात नसलेला शब्द मी पेपरात घालीन, ही माझ्यासाठी केवढी मोठी शिक्षा होती ते तुला चांगलं माहीत होतं. तू एक अट आपण होऊन वाढवलीस. "त्या माणसाला इचारायचं, शब्द कुठून आला. तो म्हणला पायजे की आमची माय म्हणायची. तवाच म्या जिंकले. शब्द आपला झाला ना, की तो मायचाच वाटतो." मी लगेच होकार दिला. ही अट तूच अवघड करून घेतलीस म्हणून मला आनंदच झाला होता.

निकाल ऐकायला आपण राजूरच्या गणपतीला जायचो. चतुर्थीला तिथं सगळ्या जिल्ह्याची तोंडं जमतात, असा तुझा हिशोब. मी बौद्ध, देवळात जायचा माझा प्रश्न नव्हता. पण राजूरच्या भज्यांना कोणी धर्म विचारत नाही, म्हणून मी हॉटेलच्या बाकावर आणि तू रांगेत. रांगेतल्या बायांना वाटायचं, किती भक्तिभावानं उभी आहे, डोळे मिटून. तू डोळे मिटून कान लावून असायचीस. बाहेर आलीस की मी विचारायची, "काय म्हणाला गणपती?" तू म्हणायचीस, "गणपती काय म्हणतो? लोक लाईट गेली म्हणून राह्यले."

वीजउपास नापास झाला. कावळकाठी मात्र तुझ्या गल्लीत चांगली रुजली होती, पोरं "कावळकाठी फिरव" म्हणून ओरडायची. तेवढ्यात केबल आली आणि वस्तूच गेली. तू त्या दिवशी जीपमध्ये बातम्या दिल्या नाहीस. बोलघराचं तर विचारू नकोस. एक म्हातारी कोणाकडून तरी पाटी वाचून घेऊन आत शिरली, खुर्चीवर ऐसपैस बसली आणि दुकानदाराला सुनेच्या तक्रारी सांगायला लागली. तो म्हणाला, "आजी, नंबर सांगा." ती म्हणाली, "नंबर कशाचा? बोलघर हाये ना हे? मंग ऐक की." दुकानदारानं दुसऱ्या दिवशी पाटी पुसली आणि आठवडाभर तुझ्याशी बोलला नाही. म्हातारी मात्र येत राहिली.

आता चपलगप्पांचं. या शब्दाला निमित्त मीच, हे तू चारचौघांत सांगायचीस आणि मी नाही म्हणायची. तर आज कबूल, मीच. राजूरलाच हॉटेलात मला माझी डी.एड.ची मैत्रीण भेटली होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, "बरं येते" म्हणून मी बाकाखालच्या चपला पायात घातल्या. आणि तिथंच उभी राहिले. तू दर्शन घेऊन आलीस, नारळ फोडून खाल्लास, दोन जीप सोडल्यास, आणि तरी मी उभीच होते. त्या उभ्या-उभ्यात मैत्रिणीनं मला सांगितलं की तिचं लग्न मोडायला आलंय. बसून होतो तेव्हा ती फक्त साखरेच्या भावाबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत जन्म जाहीर झाला. "चपलगप्पा. निरोप घेऊन झाल्यावर, चप्पल पायात घालून, दारात उभ्या-उभ्या ज्या होतात त्या. बसून माणूस पाऊसपाणी बोलतं. मनातलं असंल ते चप्पल घातल्यावरच निघतं. डॉक्टरकडं बी तसंच. पडद्यापशी जाऊन माणूस मागं वळतं आणि म्हणतं, अजून एक व्हतं." मग मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "बराबर हाये." मीही मनात तेच म्हटलं. उघडपणे म्हणाले, "चप्पल आणि गप्पा, दोन तयार शब्द जोडले, यात तू काय केलंस?" तू म्हणालीस, "दोन आन् दोन जोडले तर चार व्हतात. चार हा नवीनच आकडा असतो."

वर्षं गेली. चपलगप्पा शाळेत रुजल्या, तुझ्या भावकीत रुजल्या, सलीम तर रोजच वापरायचा, पण माझ्या अटीत हे कोणीच बसत नव्हतं. तू दर चतुर्थीला रांगेत उभी राहिलीस. नंतर पाय दुखायला लागले तशी तूही माझ्याबरोबर बाकावर बसायला लागलीस. म्हणायचीस, इथूनही ऐकू येतं.

'बराबर'चं राहिलंच. मुलांची गणितं तपासताना तू मोठ्यानं "बराबर!" म्हणायचीस आणि मी शेजारच्या वर्गातून ओरडायची, "बरोबर!" तपासणीला आलेले साहेब एकदा गोंधळून दोन्ही वर्गांच्या मध्ये उभे राहिले होते. तू म्हणालीस, साहेब, एकाच गोष्टीला दोघी हो म्हणून राह्यलोत.

तुझ्याकडे शेवटचं आले तो दिवस मला पुनःपुन्हा आठवतो. तू पलंगावर होतीस, उशीला टेकून. भाऊजींनी चहा केला होता, साखर जास्त. आपण त्या साखरेवर बोललो. सोयाबीनवर बोललो. नव्या हेडमास्तरांच्या केसांच्या टोपावर तर पोटभर बोललो. मी उठले तशी तू म्हणालीस, "थांब, दारापर्यंत येते." हात टेकलास, आणि उठता आलं नाही. मी म्हणाले, "राहू दे गं, पुढच्या खेपेला." बाहेर आले, चपला घातल्या, आणि ओट्यावर उभी राहिले. आतून तू काही बोलशील असं वाटलं. आत तू झोपलीस असं भाऊजींनी खुणेनं सांगितलं.

म्हणजे आपलं फक्त बसून बोलणं झालं, सुमन. साखर आणि सोयाबीन. जे सांगायचं होतं ते आपल्याच नियमाप्रमाणे दारात सांगायचं होतं. ते असं, की या शाळेत रुजू झाले तेव्हा मला एक वर्ष काढून बदली घ्यायची होती. कोणाशी ओळख नव्हती, आणि जे ओळख करून घ्यायचे ते आधी आडनाव विचारून. तू आडनाव विचारलं नाहीस. तू विचारलंस, "तुमच्या गावाकडं भाकरीच्या पापुद्र्याला काय म्हणत्यात?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी इथं राहिले. रोज सकाळी शाळेला जावंसं वाटायचं ते तुझ्यामुळे, शाळेमुळे नाही. एवढंच होतं. सांगायला दोन मिनिटंही लागली नसती.

आता बातमी.

तुझ्या तेराव्याला मांडव गच्च होता. कोण कुठून आलं होतं तुला पटणार नाही. टोप घालून हेडमास्तरही आले होते, आणि वाऱ्यानं मांडवाचं कापड त्यांच्या डोक्याला लागलं तेव्हा मी सवयीनं शेजारी, तुझ्या जागेकडे बघितलं. जेवणं झाली, लोक उठले, मांडवाबाहेर चपलांच्या ढिगातून ज्यानं त्यानं आपापली शोधली आणि पायात घालून सगळे तिथंच उभे राहिले. जायला कोणी तयार नाही. सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. बसून होते तेव्हा तोंडाला कुलूप, आणि आता ही कलकल.

तुझ्या धाकट्या जावेच्या माहेरची माणसं जांब समर्थहून आली होती, भाड्याची जीप करून. पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची गाडी. ड्रायव्हर पोरगेला, केसांना भरपूर तेल. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, कोणी हललं नाही. मग तो खाली उतरून आला आणि वैतागून म्हणाला, "आवो मावशे, चपलगप्पा बास करा आता. जल्दी बसा. जांबला जायचंय, इथं जालन्याला न्हाई."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. मी त्या पोराकडे गेले.

"काय म्हणालात तुम्ही?"

"जल्दी बसा म्हणलो." तो जरा घाबरला. "लांबचा पल्ला हाये, बाई."

"त्याच्या आधी."

"चपलगप्पा? मंग करूनच राह्यल्या ना त्या. बघा की."

"या बाईंना ओळखत होतात तुम्ही? ज्यांचं तेरावं आहे?"

"न्हाई. म्या तर भाड्यानं आल्तो. इकडं पह्यल्यांदाच."

"मग हा शब्द कुठून आला तुमच्याकडे?"

त्यानं माझ्याकडे कसं बघितलं सांगू? तू बाजारात त्या वांगीवाल्या बायांकडे बघायचीस ना, अगदी तसं. "कुठून म्हंजे? आसंच म्हणत्यात. आमच्या घरी पह्यल्यापासून हाये. आमची माय म्हणायची."

मी हसले, सुमन. तुझ्या तेराव्याला, मांडवाच्या दारात, सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं हसले. बाया बघायला लागल्या. भाऊजी धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. मी त्यांना सांगितलं. पैज त्यांना माहीत होतीच. तेही हसायला लागले, उपरण्यानं डोळे पुसत हसायला लागले, आणि म्हणाले, "थांबा, सुमीला सांगतो." आणि दोन पावलं घराकडे गेले. मग थांबले.

मी पडलेला तांब्या उचलला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

त्या ड्रायव्हरला मी सांगितलं नाही की शब्द कोणाचा आहे. तुझा नियम. इथं मात्र तुझं नाव घालते आहे, त्याबद्दल रागावायचं असेल तर रागाव. आणि वाद अजून मिटलेला नाही, हे लक्षात ठेव. त्याची माय खरंच आधीपासून म्हणत असेल, तर शब्द लोकांतूनच आला आणि मी जिंकले. तसं नसेल तर तू जिंकलीस. शोधायला मी जांबला जाणार नाही. मला दोन्ही चालतं.

पण पैज ती पैज. परवा सातवीची घटक चाचणी घेतली. प्रश्न दुसरा, वाक्यात उपयोग करा. उत्साह, तारांबळ, आणि तिसरा तुझा. कोणी तरी विचारेल, बाई, हा कुठल्या धड्यातला, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. कोणीच विचारलं नाही. सगळी माना खाली घालून लिहायला लागली. उत्साहाला मात्र अर्धा वर्ग अडला.

एकीनं लिहिलंय, "आमच्या बाई शाळा सुटल्यावर फाटकात चपलगप्पा करायच्या, आता करत नाहीत." मी तिला पूर्ण गुण दिले.

वर्ग रिकामा झाल्यावर मीही फळ्यावर एक वाक्य लिहिलं. गणितवाल्यांना आधी पायऱ्या लागतात, माझ्याकडे नुसतं उत्तर आहे. तरी तपास.

"माझी मैत्रीण चप्पल न घालताच गेली, म्हणून आमच्या चपलगप्पा अजून चालू आहेत."

बराबर हाये का, सुमन?